गुणाचा कागद

आमच्या केंद्रात माणसापेक्षा कागदाला मान जास्त होता, हे आधीच सांगून टाकते. मागाहून कुणी म्हणायला नको, की बाई आडून आडून बोलली. मला आडून बोलता येत नाही. जे पोटात तेच ओठात, आणि त्यापायी नोकरीभर बोलणी खाल्ली.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. कर्जत तालुक्यातलं एक सरकारी आरोग्य केंद्र. जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणत. केंद्रात एक डॉक्टर, एक मी, एक आया, एक शिपाई, आणि बाकी सगळी रजिस्टरं. बाळंतिणींचं वेगळं, लसींचं वेगळं, तापाचं वेगळं, गोळ्यांच्या साठ्याचं वेगळं. आणि एक रजिस्टर असं, की त्यात केंद्रात रजिस्टरं किती आहेत त्याची नोंद. हसू नका, खरंच होतं. सुई टोचायला जेवढा वेळ लागे, त्याहून जास्त वेळ ती टोचली हे लिहायला लागे. एका हातानं पोरांचा ताप बघायचा आणि दुसऱ्या हातानं रकाने भरायचे. माझं अक्षर चांगलं, ही आणखी एक शिक्षा. डॉक्टर म्हणायचे, "बाई, तुम्हीच लिहा, साहेबांना तुमचं अक्षर लागतं."

साहेब म्हणजे तपासणीला येणारे. ते आले की खुर्चीत बसायचे, पट्टी घ्यायचे आणि एकेका ओळीखाली धरत जायचे. एकदा बाहेरच्या बाकावर विंचू चावलेली बाई विव्हळत होती आणि साहेब मला विचारत होते, की ह्या पानावरची बेरीज पुढच्या पानावर का आली नाही. मी म्हटलं, "येईल हो साहेब, ती बाई गप्प झाली की बेरीज आणते." झालं. वरून लेखी विचारणा आली. त्या विचारणेचीही नोंद मीच केली.

माझी भाची आता एका मोठ्या रुग्णालयात नर्स आहे. तिच्याकडे सगळं कॉम्प्युटरवर. माणसाचा नंबर टाकला की जन्मापासूनचं सगळं पडद्यावर येतं म्हणते. मला तिनं हौसेनं नेऊन दाखवलं. रोगी खाटेवरून हिच्याकडे बघतोय आणि ही पडद्याकडे. मी म्हटलं, "अगं, तो काहीतरी सांगतोय तुला." ती म्हणाली, "मावशी, थांब गं, एवढं भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही." आमचंही पुढचं पान उघडत नव्हतंच.

तर आमचा केसपेपर. रोगी पहिल्यांदा आला की त्याच्या नावाचा केसपेपर करायचा. नाव, वय, गाव, तक्रार, औषध. तो रोग्याकडेच द्यायचा, आणि पुढच्या खेपेला त्यानं तो परत आणायचा. त्यावरचा नंबर बघून आम्ही रजिस्टरात लिहायचं. कागदावर चालणारा कारभार, आणि कागद राहायचा लोकांच्या घरात. तिथे तो कसा राहायचा ते सरकारला कुठलं माहीत? कुणी तांदळाच्या पिंपात खुपसून ठेवी, कुणी आढ्याला. धुरानं काळे झालेले, उंदरानं कुरतडलेले केसपेपर मी पाहिलेत.

पण एक केसपेपर मात्र खणात गुंडाळून देव्हाऱ्यात होता. त्याचीच ही गोष्ट.

पोशीरच्या पुढे डोंगराच्या अंगाला एक वाडी. तिथे भातशेती करणारं एक घर. घरात सासू, तिचे दोन मुलगे आणि थोरली सून. सासरा कधीच गेलेला. सासू म्हणजे घरातला बाप्याच. लावणीला बायकांच्या रांगेत सगळ्यांच्या पुढे, आणि बोलायला लागली की शेजारच्या शेतातल्यांनी वर बघावं. माझी आणि तिची तोंडं सारखीच, म्हणून आमचं जमायचंही आणि वाजायचंही.

त्या थोरल्या सुनेला बाळंत झाल्यावर अंगावरून जायचं थांबेना. डोलीत घालून आणली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. आमचे डॉक्टर वयानं लहान, पण त्या दिवशी उशापासून हलले नाहीत. सलाइन, इंजेक्शनं, पोट चोळणं, जे हाताशी होतं ते सगळं केलं. सून वाचली. मग डॉक्टरांनी तिच्या केसपेपरवर दोन्ही बाजूंनी लिहिलं, मावेना तेव्हा आणखी एक कागद टाचला, काही तांबड्या शाईनं लिहिलं, शिक्का मारला. पोथीच झाली त्याची.

सासू सुनेला न्यायला आली ती नारळ घेऊन. मला वाटलं डॉक्टरांना. तर तिनं तो केसपेपरवर ठेवला, पाया पडली आणि म्हणाली, "ह्या कागदाला गुण हाय."

आपल्याकडे हे चालतंच. एखाद्याच्या हाताला गुण असतो, एखाद्या विहिरीच्या पाण्याला असतो, एखादं जातंसुद्धा गुणाचं असतं. मग कागदाला का नसावा? मी हसले आणि विसरून गेले.

नंतर तो कागद फिरायला लागला.

आधी घरात. धाकट्या मुलाला गळू झालं, तो तोच कागद घेऊन आला. मग शेजारणीचा खोकला आला. मग वाडीतलं कुणीही दुखण्याखुपण्याला निघालं, की सासूच्या दारात जाऊन कागद मागून आणी. सासू हळदकुंकू लावून देई, आणि परत घेताना विचारी, "आला का गुण?" एकदा एक म्हातारी आली. मी कागद बघितला, म्हटलं, "आजी, वय चोवीस लिहिलंय. तोंडात दात किती उरलेत तुमच्या?" म्हातारी शांतपणे म्हणाली, "कागूद सुनेचा हाय, ताप माजा हाय. तापाचं औषध द्या की गं बाय."

मी प्रत्येकाला नवा केसपेपर करून द्यायची. पुढच्या खेपेला पुन्हा तोच जुना हजर. नव्यांचं काय होई, ते कळायला वेळ लागला. सासूनंच सांगितलं. ती ते नदीत सोडायची. जाळायचे नाहीत, टाकायचे नाहीत, पाण्यात सोडायचे.

"का पण?" मी ओरडलेच.

"बाई, दोन वळी लिवून बाकी कोरा कागूद घरात ठिवू नये. कोरा कागूद आन कोरं कपाळ सारकंच."

"आणि डॉक्टरांनी कसं ओळखायचं, की समोर कोण आहे?"

त्यावर ती बाई मला काय म्हणाली असेल? म्हणाली, "तुमी डोळ्यांनी बघा की माणूस. कागदाला कशाला इचारता, कोन आलंय म्हनून?"

तोंडाळ म्हणून तालुक्यात नाव असलेली मी, पुढचा केसपेपर ओढून त्यावर नंबर घालायला लागले.

पुढच्या उन्हाळ्यात धाकट्या मुलाचं लग्न झालं. धाकटी सून खालापूरकडची, खोपोलीच्या अलीकडच्या गावची. उंच, सावळी, आणि बोलण्यात भारी चलाख. लावणीच्या दिवसांत सासू तिला घेऊन केंद्रात आली. दिवस राहिले होते. हातात अर्थातच तोच कागद.

पोर माझ्यापुढे बसली आणि डोळे मिचकावून हळूच म्हणाली, "बाई, आज मी कोन? जाऊबाई का मी?"

मला हसू फुटलं. तिनं थोरल्या जावेचं वय, मागचं बाळंतपण, सगळं पाठ करून ठेवलं होतं. डॉक्टर कागदावरून विचारतील तर अडायला नको म्हणून. सासूनं बजावलं होतं, की कागदात जे लिहिलंय तेच सांग, नाहीतर गुण यायचा नाही. डॉक्टरांनी कागद उलटून विचारलं, "दुसरी खेप ना, बाळंतपणाची?" ही पदर सावरून म्हणाली, "व्हय." मी आतल्या खोलीतून ओरडले, "पहिली आहे हो, डॉक्टर! ती ही नव्हेच." डॉक्टरांनी वर बघितलं, मग कागदाकडे, मग माझ्याकडे. पोर तोंडाला पदर लावून हसत होती. डॉक्टरही हसले. तेव्हा सगळं चांगलं होतं, हसता येत होतं.

मी तिचा नवा केसपेपर केला. तो नदीत गेला. पुन्हा केला. पुन्हा गेला. रजिस्टरात मात्र लिहायचं ते रोग्यानं आणलेल्या कागदाचा नंबर बघून, नवा कागद परत आला तरच त्याचा नंबर चढायचा, असा नियम. म्हणून माझ्या रजिस्टरात तिच्या सगळ्या खेपा थोरलीच्या नावावर चढत गेल्या. मी कडेला पेन्सिलीनं 'धाकटी' लिहून ठेवलं, तर साहेबांनी ते खोडायला लावलं. रजिस्टरात पेन्सिल चालत नाही म्हणे.

गणपती गेले, नवरात्र आलं. त्या खेपेला ती आली तेव्हा तिच्या पायातली जोडवी मांसात रुतली होती. बोटानं दाबलं तर खड्डा पडून राहत होता. बीपी घेतलं, वाढलेलं. लघवी परीक्षानळीत घालून दिव्यावर धरली, तर दूध नासावं तशी फुटली. ज्यांना माहीत आहे त्यांना ह्याचा अर्थ कळेल. इतरांना सांगते, गर्भारपणातलं हे विष आहे. वेळीच मोठ्या इस्पितळात नेलं तर बाई वाचते. नाहीतर झटके येतात.

मी डॉक्टरांना बोलावलं. ते सवयीनं कागद बघून म्हणाले, "मागची बीपी तर सगळी चांगली आहेत. आजच कसं वाढलं?"

"मागची हिची नाहीत, थोरलीची आहेत. हिची नव्या कागदांवर होती, ती नदीत गेली. आणि मधलं एक त्या म्हातारीचं."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. त्यांनी स्वतः पुन्हा बीपी घेतलं, सासूला समोर बसवलं, समजावलं. मीठ बंद, झोपून राहायचं, आणि लवकरात लवकर मोठ्या इस्पितळात दाखवायचं. सासू ऐकत होती. वाईट बाई नव्हती ती. पण शेतात भात पिवळं झालेलं, कापणी तोंडावर आणि घरात माणसं कमी. ती म्हणाली, "माहेरची न्यायला येनारच हायती. पहिलं बाळातपन तिकडंच. तिची आय म्हनली, कापनी उरकते, दिवाळी करते आन नेते. खोपोलीला दावतील मोठ्या डाक्टरला."

"दिवाळीपर्यंत थांबायला हे काही लाडूचं पीठ नाही," मी म्हटलं.

"बाई, थोरली मरनाच्या दारातनं आली. कागूद घरात हाय आमच्या."

पोर उठताना मला म्हणाली, "बाई, तुमी लय भ्येवता." तिनं माझ्या हातावर हात ठेवला. हातही सुजलेला होता.

मी वाडीवर जाऊन तिला बघणार होते. माझ्या कामातच होतं ते, घरोघर जाणं. पण तपासणीचा हुकूम आला. साहेब येणार, सगळी रजिस्टरं पूर्ण हवीत, नर्सबाईंनी केंद्र सोडायचं नाही. डॉक्टरांना नसबंदीच्या शिबिरावर धाडलं. मी आयेला वाडीवर पाठवलं. ती येऊन म्हणाली, "पोर ओट्यावर बसून भात पाखडतीय, चांगली हाय." पाखडतीय! मी आयेवर खेकसले, तिचा काय दोष? मग बसले रेघा मारत. सांगते ना, मला तेव्हा इतका राग आला होता, की टाकाचं निब मोडलं. पण राग काढायचा कुणावर? साहेबांनाही वरून हुकूम, त्यांच्या वरच्यांनाही वरून.

तपासणीच्या दिवशी सगळी रजिस्टरं ओळीनं मांडायची होती. केंद्रात लांब टेबल एकच, बाळंतपणाचं. त्याच्यावर चादर घालून मी रजिस्टरं मांडली. साहेब पट्टी घेऊन बसले. भर दुपारी बाहेर आरडाओरडा झाला. वाडीतल्या चौघांनी खाट खांद्यावरून उतरवली. खाटेवर धाकटी सून. डोळे फिरलेले, दातखीळ बसलेली, तोंडातून फेस, आणि सगळं अंग ताणून आलेलं.

मी टेबलावरची रजिस्टरं दोन्ही हातांनी ढकलून खाली पाडली. साहेबांना हे नक्कीच आवडलं नसेल, पण खरं ते सांगते, त्यांनीच तिचे पाय धरून तिला टेबलावर घ्यायला मदत केली. माणूस वाईट नव्हता. ह्या गोष्टीत वाईट कुणीच नाही, तेच तर दुखतं.

झटके थांबवायचं इंजेक्शन माझ्याकडे होतं. मी दिलं. थोड्या वेळानं अंग सैल पडलं, श्वास नीट चालायला लागला. पण हे काम माझ्या हातातलं नव्हतं, तिला मोठ्या इस्पितळात पोचवायला हवं होतं. साहेब म्हणाले, "माझी जीप न्या." मी निघणार, तेवढ्यात आतल्या खोलीत कळा देत असलेल्या दुसऱ्या एका बाईच्या बाळाचं डोकं दिसायला लागलं. आया एकटीनं काय करणार? एका बाईला सोडून दुसरीबरोबर जायचं, असा प्रसंग शत्रूवर येऊ नये. मी राहिले. राहावंच लागलं.

जीप निघण्याआधी मी एक नवा केसपेपर घेतला. नाव लिहिलं, तिचं स्वतःचं. पहिली खेप. बीपी, सूज, झटके. कुठलं इंजेक्शन दिलं, किती दिलं, कधी दिलं, ते मोठ्या अक्षरात लिहिलं, कारण तेच औषध लगेच पुन्हा दिलं तर श्वास मंदावतो. खाली लिहिलं, 'पुढील उपचारासाठी रवाना.' तो तिच्या नवऱ्याच्या हातात दिला. पोरगेलाच होता तो. मी त्याचे दोन्ही खांदे धरून म्हटलं, "उतरल्या उतरल्या हा द्यायचा. हाच. तो जुना कागद दाखवायचा नाही. कळलं?"

"व्हय बाई."

जीप सुटताना मी बघितलं, सासू मागे सुनेचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि तिच्या मुठीत तो खण होता. मी ओरडले, "तो इथं टाका!" जीपच्या आवाजात तिला ऐकू गेलं नाही. किंवा गेलं असेल, माहीत नाही. वांगणी, बदलापूर करत जीप गेली. मी आत गेले, त्या दुसऱ्या बाईला मुलगी झाली, ती धुतली, पुसली, नाळ बांधली, आणि रजिस्टरं गोळा करून त्यात तिची नोंद केली.

पुढचं मला नवऱ्यानं नंतर सांगितलं. इस्पितळात गर्दी, धावपळ. कुणीतरी विचारलं, "कागद कुठाय?" आणि सासूनं खण सोडला. दोन्ही बाजूंनी लिहिलेला, टाचलेला, शिक्क्याचा, डॉक्टरच्या सहीचा कागद. तो बघितल्यावर आणखी कागद कोण मागणार? त्यांनी त्यावरचंच नाव लिहून घेतलं. मागच्या बाळंतपणात रक्त फार गेलं होतं असं वाचून रक्ताच्या बाटल्यांची धावाधाव सुरू केली. पुन्हा झटका आला, त्यांनी इंजेक्शन दिलं. तेच. मी दिलेलं त्यांना कसं कळणार? संध्याकाळी ती गेली. पोटातलंही गेलं. औषध जास्त झाल्यानं गेली, की झटक्यांनी गेली, ते आजवर मला कुणी सांगू शकलेलं नाही. दोन्हीतलं काहीही असेल. कदाचित माझा कागद दिला असता तरी ती गेलीच असती. हे 'कदाचित' फार वाईट, बाबा. ना रडू देतं, ना गप्प बसू देतं.

नवऱ्यानं खिशातून माझा केसपेपर काढून माझ्यापुढे ठेवला. चार घड्या घातलेला, तसाच.

"का नाही दिलास रं?" मी विचारलं.

"आय म्हनली, नवा नको काढू. गुणाचा हाय तोच असू दे." आणि मग तो तिथेच खाली बसून लहान पोरासारखा रडला.

इस्पितळानं मृत्यूचा दाखला दिला तो थोरल्या सुनेच्या नावाचा. जिवंत बाई कागदावर मेली, आणि मेलेली पोर कागदावर कुठेच नव्हती. मी अर्ज केला. इस्पितळ म्हणालं, आमच्याकडे जो कागद आला त्याप्रमाणे आम्ही लिहिलं; चार घड्यांचा केसपेपर दाखवला, तर म्हणे ह्याचा नंबर रजिस्टरात कुठाय, तुमच्या केंद्राची नोंद आणा. केंद्राची नोंद म्हणजे माझं रजिस्टर, आणि त्यात सगळ्या खेपा थोरलीच्या. साहेबांकडे गेले. त्यांनी पान उघडलं, पट्टी ठेवली. म्हणाले, "बाई, मी स्वतः तिचे पाय धरले होते. पण इथं काय लिहिलंय ते तुम्हीच वाचा. खाडाखोड केली तर तुमची नोकरी जाईल आणि तिचं काही भलं व्हायचं नाही." मी माझ्याच सुंदर अक्षरातलं ते पान वाचलं. पेन्सिलीनं लिहिलेल्या 'धाकटी'चा खोडलेला डाग तेवढा दिसत होता.

सुतकाचे दिवस झाल्यावर सासू आली. केंद्राच्या पायरीवर बसली, आत येईना. मी बाहेर गेले. लावणीच्या रांगेत सगळ्यांच्या पुढे असणारी ती बाई एवढीशी झाली होती. मला म्हणाली, "माजंच चुकलं का वो बाई?"

नोकरीभर मी कुणाला सोडलं नाही. साहेबाला नाही, डॉक्टरला नाही. त्या दिवशी हिला बोलायला माझ्याकडे ढीगभर होतं. पण तिनंच मला विचारलं होतं ना, माणूस डोळ्यांनी का बघत नाही म्हणून. मी तिच्याजवळ पायरीवर बसले. मग ती उठून गेली.

आणि कार्तिकात, कापणी उरकल्यावर, पोरीची आई आली.

खालापूरकडून एसटीनं एकटी आलेली. डोक्यावर पदर, हातात पिशवी. उंच, सावळी, बघितल्याबरोबर मी ओळखलं. म्हणाली, "तुमच्याकडं माझी पोर येत व्हती. तिचा कागूद असंल ना? मला बघायचाय."

मी म्हटलं, "कशाला आता, ताई?"

"दाखल्यावर तिचं नाव नाय. जावंचं हाय. गावात इचारत्यात, तुजी पोर गेली मंजे कोन गेली? मी म्हनलं, दवाखान्यात तरी लिवलं असंल कुटं. लिवलंय ना?"

मी रजिस्टर काढलं नाही. काढून काय दाखवणार होते? टेबलाच्या खणातून तो चार घड्यांचा केसपेपर काढला आणि तिच्यापुढे उलगडला. तिला वाचता येत नव्हतं. म्हणाली, "वाचा." मी नाव वाचलं. ती म्हणाली, "पुन्यांदा." मी पुन्हा वाचलं. मग वय, गाव, पहिली खेप. सुजेचं वाचताना ती म्हणाली, "पायाला तिच्या लहानपनापासनं पैंजन घट व्हायचं," आणि मग पदरात तोंड घातलं. मी थांबले. तिनं हातानं खूण केली, की वाचा. मी वाचत खालपर्यंत आले. 'पुढील उपचारासाठी रवाना.'

"मंजे?"

"मंजे पाठवली. पुढे पाठवली."

तिनं कागद हातात घेतला. उलटा केला. मागची बाजू कोरी. त्यावरून तिनं बोट फिरवलं, जणू आंधळ्यासारखं चाचपून बघत होती.

"हितं काय लिवलंय?"

"काही नाही. कोरं आहे."

"पुढं काय झालं, त्ये नाय लिवलं?"

"नाही."

"मंग लिवू नका बाई," ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या असंच."

रोगी गेल्यावर केसपेपर केंद्रात जमा करायचा असतो, दुसऱ्या कुणाला द्यायचा नसतो, हे मला माहीत होतं. तरी मी तो तिच्याकडून परत घेतला नाही. तिनं त्याच्या त्याच चार घड्या घातल्या. पिशवीत एक नवं लुगडं होतं, ओटीत घालायला आणलेलं असावं, दिवाळीच्या आधीच घेऊन ठेवलेलं. त्याच्या घडीत तिनं तो कागद सरकवला.

"न्यायचीच व्हती मला माहेराला," ती म्हणाली. "जाते. खोपोलीची गाडी चुकंल."

मी तिला फाटकापर्यंत सोडलं. परत आले तेव्हा बाकावर रोगी बसले होते, आणि पहिल्यानं माझ्यापुढे आपला केसपेपर धरला. मी तो बाजूला ठेवला आणि त्याच्या तोंडाकडे बघितलं. तो गोंधळून म्हणाला, "बाई, नंबर लिवून घ्या ना."